बोरीबंदर स्टेशनाचे शिल्पज्ञ स्टीव्हन्स साहेब

राळेगणसिद्धीहून किंवा पारनेर तालुक्यांतील इतर गांवांहून पोटासाठीं मुंबईस गेलेल्या मनुष्यानें बोरीबंदरचें स्टेशन पाहिलें नाहीं असें क्वचितच घडतें. गर्दींतून वाट काढतांना वरच्या घुमटाकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें. ही इमारत ज्यांनीं योजिली त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

त्यांचा जन्म सन १८४७ मध्यें इंग्लंडांतील बाथ येथें झाला. बाथ म्हणजे कांहीं लंडन नव्हे. ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें तें एक प्रांतांतील शहर. तेथें चार्ल्स डेव्हिस ह्या शिल्पज्ञांच्या हाताखालीं त्यांनीं उमेदवारी केली. पुढें परीक्षा उतरून सन १८६७ मध्यें ते हिंदुस्थान सरकारच्या बांधकाम खात्यांत लागले व प्रथम पुण्यास आणि नंतर मुंबईस आले. खलाशांसाठीं बांधलेलें मोठें वसतिगृह, जेथें हल्लीं महाराष्ट्र पोलिसांची मुख्य कचेरी आहे, तें त्यांचें पहिलें नांवाजलेलें काम होय.

तें पाहून रेल्वे कंपनीनें त्यांना सरकारकडून मागून घेतलें. युरोपांतील स्टेशनें पाहून येऊन त्यांनीं नकाशे केले व सन १८७८ मध्यें काम सुरू झालें. तें दहा वर्षें चाललें आणि त्यास सोळा लक्षांहून अधिक रुपये लागले. घुमट आंतून लांकडी सांगाड्याचा आधार न देतां चढविला, असें सांगतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं विहिरीची कमान बांधली असेल त्यांनाच ह्यांतील धाडस खरें कळेल. दगडांतील मोर, माकडें, पानें, फुलें हें नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचें. देखरेखीवर सीताराम खंडेराव वैद्य हे होते. साहेबांचें नांव सर्वांस ठाऊक, परंतु ह्या हातांचें नांव कोणी घेत नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

सन १८८४ मध्यें त्यांनीं पेन्शनाची सरकारी चाकरी सोडून स्वतःचा धंदा मांडला. बायकामुलें असलेल्या मनुष्यास हें पाऊल सोपें नव्हतें. समोरच मुंबई म्युनिसिपालिटीची कचेरी बांधावयाची होती. मद्रासेकडील चिझम ह्यांनीं मुसलमानी धर्तीचा नकाशा दिला होता. अखेर स्टीव्हन्स ह्यांचा टोंकदार कमानींचा नकाशा पसंत झाला. सन १८८९ त काम सुरू होऊन १८९३ त संपलें. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये, खर्च ११,१९,९६९ रुपये. सार्वजनिक पैशांतून ६८,११३ रुपये परत उरले! गांवची धर्मशाळा किंवा देऊळ बांधतांना वर्गणी कशी आटते हें जाणणाऱ्यांनीं हा आंकडा पुन्हा एकवार वाचावा. मक्तेदार व्यंकू बाळोजी कालेवार ह्यांसही त्याचें श्रेय आहे.

चर्चगेटसमोरील दुसऱ्या रेल्वे कंपनीची कचेरी सन १८९९ मध्यें पुरी झाली. पुढच्याच वर्षीं, ५ मार्च १९०० रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, मुंबईच्या हिवतापानें त्यांचा अंत झाला. ज्या शहरास त्यांनीं एवढीं घरें दिलीं त्याच शहरीं, शिवडीच्या स्मशानभूमींत, त्यांस पुरलें. स्टेशनाचें नांव पुढें दोनदां बदललें आणि सन २००४ मध्यें तें जगाच्या वारशांत गणलें गेलें. धंदा त्यांचे पुत्र चार्ल्स ह्यांनीं चालविला.