र. धों. कर्वे आणि १९३४ चा खटला

रघुनाथ धोंडो कर्वे म्हटलं की आपल्याला संततिनियमन आठवतं. ते बरोबरच आहे. पण मला त्यांच्या आयुष्यातला एक खटला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत, म्हणजे आपल्यासारख्याच ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात. कॉलेजला हा प्रचार चालेना. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवलं. घर चालवायला पत्नी मालतीबाईंचा मोठा आधार होता.

या मासिकात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. समलिंगी आकर्षणासारख्या विषयांवरच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हॅवलॉक एलिस या तज्ज्ञाचा आधार घेऊन त्यांनी मांडलं, की हे आकर्षण जन्मजात असू शकतं आणि विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे. तरी कर्वे हरले. २०० रुपये दंड झाला.

पुढे २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यात एकच 'गे जीन' काही सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि त्यावरून कोणा एका माणसाबद्दल भाकीत करता येत नाही. मूल न होताही हा कल उत्क्रांतीत टिकला कसा? असे लोक भाचे-पुतणे वाढवायला हातभार लावत असतील, असं एक गृहीतक आहे. ते अजून सिद्ध झालेलं नाही.

मी कॅथलिक आहे. चर्च समलिंगी संबंध मान्य करत नाही, पण अशा व्यक्तीशी आदरानं वागा, हेही तेच शिकवतं. शनवाऱ्यातल्या आमच्या घरी मात्र या विषयाला शब्दच नाही, ना मराठीत ना हिंदीत. मग आदर दाखवायचा कसा? आणि माणसाचा मान जनुकांच्या निकालावर ठेवूच नये, असं मला वाटतं.

कर्वे नास्तिक होते. पण भीतभीत विचारलेला प्रश्न त्यांनी टाळला नाही. एवढं तरी आपण श्रद्धावंतांनी त्यांच्याकडून घ्यावं.