विश्लेषण : मुंबईच्या डॉक्टरला चाळीसगावजवळ भास्कराचार्यांची वंशावळ कशी सापडली?

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात पाटणादेवीचे मंदिर आहे. येथील एका शिलालेखामुळे गणिती भास्कराचार्यांच्या नऊ पिढ्यांची माहिती जगाला मिळाली. हा लेख अभ्यासकांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड पेशाने वैद्य होते.

भाऊ दाजी कोण होते?

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील पेडणे भागातला. घरची गरिबी होती; कुटुंब मुंबईला आले आणि वडिलांनी मातीच्या मूर्ती विकून संसार चालवला. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या या मुलाने कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून ६०० रुपयांचे बक्षीस मिळवले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले.

एकाच घरात दोन डॉक्टर?

धाकटे बंधू नारायण दाजीही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून व्यवसाय केला आणि गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. नारायणरावांना छायाचित्रणाचाही नाद होता. भाऊ दाजींचा पैसा औषधांप्रमाणेच हस्तलिखिते, नाणी आणि ताम्रपटांवरही खर्च होई. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात जुन्या लिपी, असा त्यांचा क्रम होता. भगवानलाल इंद्रजी या तरुण अभ्यासकाला त्यांनी हाताशी धरले आणि देशभर फिरवून शिलालेखांचे ठसे आणवले.

खान्देशाशी संबंध कसा आला?

खान्देशाच्या सीमेवरील अजिंठा लेण्यांतील लेखांचे वाचन त्यांनी १८६३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्याच काळात पाटणचा लेख त्यांच्या हाती आला. भारतीय ज्योतिर्विदांच्या काळाविषयीच्या १८६५ मधील इंग्रजी लेखात त्यांनी त्याची माहिती दिली. तेव्हा धुळे आणि जळगाव हे वेगळे जिल्हे नव्हते. संपूर्ण खान्देश हा एकच जिल्हा होता.

शिलालेखात काय आहे?

त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, स्वतः भास्कराचार्य, पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव अशी वंशावळ त्यात आहे. लक्ष्मीधर आणि चंगदेव यादव दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ, विशेषतः सिद्धान्तशिरोमणी, शिकवण्यासाठी चंगदेवाने मठ काढला. त्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ च्या सुमारास दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, तर दानाच्या तपशिलाचा भाग जुन्या मराठीत. म्हणजे गणिताच्या इतिहासाबरोबर मराठीच्या जुन्या रूपाचाही हा पुरावा आहे.

नावलौकिकाची किंमत काय मोजावी लागली?

१८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात पुष्टिमार्गी महाराजांवरील उपचारांबाबत भाऊ दाजींनी न्यायालयात साक्ष दिली. महाराजांचे अनुयायी शहरातील धनाढ्य व्यापारी होते. अशा लोकांचा रोष पत्करणे कोणत्याही डॉक्टरला परवडणारे नव्हते. तरीही ते मागे हटले नाहीत.

पुढचा फटका पैशाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खान्देशासह साऱ्या पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचे वेड पसरले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि भाऊ दाजींची मिळकत बुडाली. दवाखाना आणि संशोधन मात्र त्यांनी सोडले नाही. ते १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले.

महारोगावरील औषधाचा वाद काय होता?

कडू कवठाच्या बियांचे तेल ते महारोग्यांना देत. औषधाचे नाव गुप्त ठेवल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. एकीकडे नवे औषध पुरते पारखण्याचा प्रश्न होता, तर दुसरीकडे ते सर्वांना खुले करण्याचा. डॉक्टरांपुढील हा पेच आजही सुटलेला नाही. याच जातीची तेले विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरली जात होती.

आज त्यांची आठवण कुठे?

३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याच्या उभारणीसाठी ते झटले, त्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पाटणला येणाऱ्या बहुतेकांना देवी ठाऊक असते, अनेकांना भास्कराचार्यही. पण दगडावरची ती अक्षरे मोलाची आहेत हे ओळखून ती जगापुढे मांडणारा माणूस रुग्णांची नाडी पाहणारा डॉक्टर होता, हे फार थोड्यांना माहीत असते.