कै. दादासाहेब फाळके

सोमवारी सकाळी आम्ही वर्गात पाऊल ठेवावे, तो शुक्रवार पेठेतून येणारी आमची मुले आदल्या दिवशी पाहिलेल्या चित्रपटाचा निकाल लावण्यात दंग असतात. कोणी त्यास टाकाऊ ठरवितो, कोणी अप्रतिम; कारण विचारले की मात्र दोघेही गप्प! आपल्या देशात ही कला ज्यांनी रुजविली, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र अशा मुलांनी अवश्य वाचावे. दुसऱ्याचे बोलणे त्यांनी केव्हा ऐकले व केव्हा ऐकले नाही, यावरच त्यांचे पुष्कळसे आयुष्य घडले.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे करणे, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. छापखान्यात भागीदारांशी न पटल्यामुळे तो चालता धंदा त्यांनी सोडला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपल्या पुराणपुरुषांची चरित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. रात्रंदिवस केलेल्या अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ गेली, तरी ध्यास सुटला नाही. विम्याचे कागद गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते ओळखदेख नसता जाऊन भेटले. कॅबोर्न यांनी त्यांची मुळीच खुशामत केली नाही. इंग्लंडातही या धंद्यात कित्येक बुडाले आहेत व हिंदुस्थानचे हवामान चित्रणास प्रतिकूल आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु एवढ्यावर न थांबता त्यांनी हेपवर्थ या नामांकित चित्रपटकाराशी दादासाहेबांची गाठ घालून दिली, आणि त्यांच्या वॉल्टन येथील कारखान्यात सारी कृती पाहावयास मिळाली. भय दाखविणारे पुष्कळ भेटतात. भय दाखवून वाट दाखविणारा विरळा.

आमच्या शहरातील विणकर ताण्याचा धागा तुटला की तो नेमका कोठे तुटला ते बोट ठेवून दाखवितो. आम्ही शिक्षक मात्र इतके करीतच असतो असे नाही. एका मुलाच्या निबंधावर आम्ही तांबड्या शाईने केवळ नीरस हा एक शब्द लिहिला होता. त्या मुलाने वर्षभर पुन्हा आपणहून काही लिहून दाखविले नाही. असो.

स्वदेशी परतल्यावर भांडवलवाल्यांची शंका फेडण्यासाठी दादासाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी वाटाण्याच्या दाण्याचा वेल होईपर्यंतची वाढ रोज थोडी थोडी टिपून तिचा लहानसा चित्रपट दाखविला, व पैसा मिळाला. मग सर्व घरच कामास लागले. सरस्वतीबाई अंधारात फिल्मला भोके पाडीत, ती धूत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. स्त्रिया कामास मिळेनात, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र लोकांपुढे आला. १९१७ च्या लंकादहनाने तर कीर्तीचा कळस झाला.

१९१८ मध्ये श्रीमंत भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि जुनाच प्रसंग नव्याने उभा राहिला. भागीदार खर्चाविषयी बोलू लागले; दादासाहेबांना तो आपल्या कलेत हस्तक्षेप वाटला. भागीदारांचे सारेच चुकले असे आम्हास वाटत नाही. संकटात परक्याचे परखड बोल ज्यांनी शांतपणे ऐकले, त्यांना यश मिळाल्यावर घरच्यांचा हिशेबही सोसवेना! ते कंपनी सोडून काशीस गेले आणि तेथे रंगभूमी नावाचे सात अंकी नाटक लिहीत बसले.

अच्युतराव कोल्हटकरांनी पत्र लिहून त्यांना परत बोलाविले, तेव्हा या धंद्यापुरते आपण मेलो आहोत, असे दादासाहेबांनी कळविले. कोल्हटकरांनी ते उत्तर आपल्या संदेश पत्रात त्यांच्या मृत्यूच्या मथळ्याखालीच छापले. हा प्रहार कठोर खराच. पण त्यामुळे अनेक वाचकांनी त्यांना परत येण्याची विनवणी करणारी पत्रे लिहिली, आणि १९२२ मध्ये दादासाहेब नाशिकास परतले.

पुढे १९२७-२८ मध्ये सरकारी चित्रपट समितीपुढे त्यांची साक्ष झाली. देशी चित्रपटांचे तंत्र, अभिनय व छायाचित्रण कसे कच्चे आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मात्र हे शिकविणारी शाळा काढावी, अशी सूचनाही केली. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. चित्रपटकला शिकविणारी सरकारी संस्था पुण्यास, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात, १९६० मध्ये निघाली.