घरघर थोपवणारा सेथ लव्हर

तळवडे - औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या घरात इलेक्ट्रिक गिटार अॅम्प्लिफायरला जोडली, की सुरांच्या आधी बहुधा विजेची घरघर ऐकू येते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. रोहित्रे, मोटारी, ट्यूबलाइटचे चोक यांच्याभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र तारांखालच्या पिकअपमध्ये शिरते आणि अॅम्प्लिफायर ते इमानेइतबारे मोठे करून ऐकवतो. यावर उतारा म्हणून वादक ‘हंबकर’ पिकअप निवडतात. त्याचा सर्वांत प्रसिद्ध जनक म्हणजे अमेरिकी अभियंता सेथ लव्हर.

लव्हर यांचा जन्म १ जानेवारी १९१० रोजी मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथे झाला. गिब्सन ही गिटार कंपनीही त्याच गावची. १९४१ मध्ये ते तेथे कामाला लागले. युद्धकाळात आणि नंतरही काही वर्षे नौदलाच्या सेवेत गेल्याने नोकरी खंडित झाली. १९५२ मध्ये ते परतले. गिब्सनचा तेव्हाचा पी-९० पिकअप दमदार होता, पण एकाच वेटोळ्याचा असल्याने घरघर करी. अॅम्प्लिफायरमधील घरघर मारण्यासाठी दोन वेटोळ्यांचा चोक वापरता येतो, हे लव्हर यांना ठाऊक होते. तीच युक्ती त्यांनी गिटारला लावली.

शेजारी ठेवलेली दोन वेटोळी परस्परांच्या उलट जोडायची आणि त्यांतील चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत सारखीच शिरते व एकमेकींना छेदते. तारेच्या कंपनाचा संकेत मात्र दोन्हींत मिळून वाढतो. तत्त्व नवे नव्हते. याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच कंपनीसाठी असाच पिकअप घडवला होता. त्यामुळे लव्हर यांना एकमेव शोधक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

२२ जून १९५५ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला, पेटंट मिळाले २८ जुलै १९५९ रोजी, आणि तेही गिब्सनच्या मालकीचे. दरम्यान १९५७ पासून लेस पॉल गिटारवर हा पिकअप बसू लागला. पेटंटसाठी अर्ज केल्याची चिठ्ठी तळाशी चिकटवलेले हे पिकअप ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात. पुढे चिठ्ठीवर क्रमांक छापला, तो मात्र लेस पॉल यांच्या तार अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा!

आज या पीएएफच्या स्वरासाठी जुन्या गिटारींना प्रचंड किमती मोजल्या जातात. गंमत अशी, की त्या स्वराची कोणी निवड केलीच नव्हती. लव्हर यांना हवी होती शांतता. कारखान्यात अल्निको २ ते ५ यांपैकी हाती येईल ते चुंबक बसे. प्रत्येक वेटोळ्याचे सुमारे ५,००० फेरे ठरलेले असले, तरी यंत्रावर ते कमीअधिक होत. परिणामी विद्युतरोध साधारण ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान हेलकावे खाई. एरिक क्लॅप्टन यांच्या १९६६ च्या ध्वनिमुद्रणांनंतर हा जाड, गोलसर स्वर रॉकची ओळख बनला.

म्हणूनच आजच्या ग्राहकाने केवळ किलोओहमच्या आकड्यावर भाळू नये. अल्निको २ मऊ, अल्निको ५ अधिक टोकदार, तर सिरॅमिक चुंबक बहुधा जोरकस संकेत देतो. ब्रिजजवळ तारेचे कंपन लहान असते, म्हणून तेथे थोडे अधिक फेरे असलेला पिकअप सोयीचा पडतो. घरातील अर्थिंगच सदोष असेल, तर मात्र कोणताही हंबकर पुरा पडत नाही. आधी वायरमनला बोलवावे.

१९६७ मध्ये लव्हर प्रतिस्पर्धी फेंडरकडे, कॅलिफोर्नियाला गेले. तेथे त्यांनी तांबे, निकेल व लोखंडाच्या मिश्रधातूचे चुंबकीय स्क्रू वापरून ‘वाइड रेंज’ हा निराळाच, अधिक उजळ स्वराचा हंबकर रचला. १९७२ च्या टेलिकास्टर थिनलाइनवर तो बसवला गेला. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. १९९० च्या दशकात सेमूर डंकन कंपनीने त्यांच्या सहकार्याने मूळ रचनेचा पिकअप त्यांच्याच नावाने बाजारात आणला. जानेवारी १९९७ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.