पेन्सिलीआधी चिंचोके

मूल तीन वर्षांचं झालं की त्याच्या हातात पेन्सिल द्यायची आपल्याला कोण घाई! अशा वेळी मला अनुताई वाघ आठवतात.

त्यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलं. पण अनुताई खचल्या नाहीत. शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या. पुढे कोसबाडची टेकडी हेच त्यांचं घर झालं.

पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. मग या दोघी बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. हीच अंगणवाडी! गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठली? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मूल आधी रांगतं, चालतं, मग पळतं, उड्या मारतं. हाताचंही तसंच. आधी वस्तू मुठीत धरतं, मग चिमटीत. चिंचोके वेचून बोटं तयार झाली, की अक्षरही नीट निघतं.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या, पण अनुताईंचं काम थांबलं नाही. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या. आज तलासरीपासून तळकोकणापर्यंत गावोगावी अंगणवाडी आहे.

मैत्रिणींनो, ओट्याशी लुडबुडणाऱ्या लेकराला हाकलू नका. कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला द्या. दाणा तोंडा-नाकात जात नाही ना, एवढं मात्र बघा. पेन्सिल काय, हात तयार झाला की तो स्वतःच मागेल!