सांधा न लपवणारा कलावंत

यंदाच्या अंकासाठी समूहचित्रे तयार करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवले. मला छायाचित्रणातले फार कळते असे नाही. माझ्या संगणकात फोटोशॉप आहे, एवढीच माझी पात्रता. आमच्या वर्गाचा फोटो निघाला त्या दिवशी एक मैत्रीण गैरहजर होती. तिच्यावाचून वर्गाचा फोटो छापायचा हे कोणालाच बरे वाटेना. सहलीतला तिचा एक हसरा फोटो माझ्याकडे होता. तो घेतला आणि दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथ्या जागी, मी तिला उभे केले.

हे काम ज्यांनी केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेयर म्हणजे थर. एका चित्रावर दुसरे चिकटवले की ते आपल्या स्वतंत्र थरावर बसते, जणू मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर ते लावले आहे. तो थर सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, नको तो भाग मास्कखाली झाकता येतो. खालच्या चित्राला धक्का लागत नाही, आणि चुकले तर एक कळ दाबून मागे येता येते. तरीही मला दीड रात्र लागली. सहलीतले ऊन डावीकडून होते आणि कॉलेजच्या पायऱ्यांवरचे उजवीकडून. तिच्या चेहऱ्यावरची सावली फिरवता फिरवता पहाट झाली.

चित्र तिला दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले. मग हळू आवाजात एवढेच सांगितले की, त्या दिवशी त्या वेळी ती इस्पितळातल्या बाकावर बसून होती. तिच्या वडिलांना आदल्या रात्री तिथे दाखल केले होते. तिने मला बोल लावला नाही. पण तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट सकाळी मी तिला पायऱ्यांवर हसत उभे केले होते, हे माझ्या ध्यानात आले.

मी खोटे बोललो होतो काय? या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले आणि तिथे छायाचित्रणाच्या इतिहासावरील एका जाड पुस्तकात मला ऑस्कर गुस्ताव्ह रेयलँडर भेटला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, संगणकाचे स्वप्नही कोणाला पडले नव्हते तेव्हा, त्याने थरांचे हेच काम काचांवर केले होते; आणि माझ्यापुढचा प्रश्न त्याच्यापुढे साऱ्या इंग्लंडने उभा केला होता.

रेयलँडर मूळचा स्वीडनचा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो रोमला चित्रकला शिकला. पुढे इंग्लंडात येऊन १८४० नंतरच्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टन या उद्योगनगरीत त्याने बस्तान बसवले. व्यक्तिचित्रे काढून तो पोट भरत होता. एका छायाचित्रात बाहीच्या चुण्या किती हुबेहूब उतरल्या आहेत हे पाहून तो या नव्या कलेकडे वळला, असे सांगतात. १८५३ साली लंडनला जाऊन त्याने हेनेमन या छायाचित्रकाराकडे शिकवणी घेतली. ती अवघ्या काही तासांची होती. घाईत शिकल्याचे प्रायश्चित्त म्हणून पुढे कित्येक महिने चुका करत बसावे लागले, ते वेगळेच.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखे बोटाचे काम नव्हते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लेप वाळायच्या आत अंधारखोलीत नेऊन चित्र उठवायचे. समोरच्या माणसाने तोवर काही सेकंद पुतळ्यासारखे बसायचे. त्यात भिंगाची अडचण होती. पुढचा माणूस स्पष्ट आला की मागचा धूसर होई. चारपाच माणसांचा गट नीट टिपणे हीच मोठी परीक्षा.

रेयलँडर चित्रकार होता. चित्रकार एका बैठकीत सारे चित्र काढत नाही. आज हात काढतो, उद्या चेहरा. मग छायाचित्रकाराने एकाच काचेवर सारे का मागावे? त्याने माणसे वेगवेगळ्या काचांवर टिपली आणि त्या काचा पाळीपाळीने एकाच कागदावर छापल्या. तीन काचांवरून छापलेला एक समूह त्याने १८५५ सालीच प्रदर्शनात मांडला होता.

त्याची खरी कसोटी लागली १८५७ साली. त्या वर्षी मँचेस्टरला कलेचे एक प्रचंड प्रदर्शन भरणार होते. छायाचित्र हीसुद्धा कला आहे, यंत्राची करामत नव्हे, हे तिथे सिद्ध करायचे त्याने ठरवले. चित्राचे नाव होते ‘जीवनाचे दोन मार्ग’. मध्यभागी एक वृद्ध दोन तरुणांना जगाच्या उंबरठ्यावर आणून सोडतो आहे. एक तरुण उद्योग, धर्म आणि सेवा यांच्या बाजूला वळतो. दुसरा जुगार, मद्य आणि विलास यांच्याकडे ओढला जातो. मांडणी राफाएलच्या भव्य भित्तिचित्रांची आठवण करून देणारी. सुमारे तीस काचा, सहा आठवड्यांचे श्रम, आणि शेवटी दोन कागद जोडून तयार झालेले जवळजवळ अडीच फूट रुंदीचे चित्र.

हे त्याने कसे केले असेल, याचा विचार मी माझ्या दीड रात्रीच्या अनुभवावरून करू लागलो, तेव्हा थक्क झालो. मी मैत्रिणीचे चित्र चिमटीत धरल्यासारखे ताणून लहानमोठे केले. त्याला ती सोय नव्हती. काच कागदाला चिकटवून उन्हात छापायची, त्यामुळे काचेवर जेवढी आकृती तेवढीच कागदावर. मागच्या रांगेतली माणसे लहान हवीत, तर त्यांना कॅमेऱ्यापासून त्याच हिशेबाने दूर उभे करूनच फोटो घ्यायचा. म्हणजे सारे चित्र आधी कागदावर रेखून, प्रत्येक आकृतीचे माप मनाशी पक्के करूनच पहिली काच ओली करायची.

दुसरी अडचण याहून बिकट. संगणकात वरचा थर खालच्याला झाकतो. कागदावर तसे होत नाही. एकाच जागी दोन काचांमधून ऊन पडले तर दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात आणि जागा काळवंडते. म्हणून एक आकृती छापताना बाकीचा सारा कागद झाकून ठेवायचा. मग ती आकृती तिच्या कडेबरहुकूम झाकायची आणि तिच्या शेजारची छापायची. असे तीस वेळा. त्यात ऊन कमीजास्त झाले तर एक चेहरा फिकट आणि शेजारचा गडद. मागे आणणारी कळ नव्हती. एकोणतिसाव्या काचेला हात चुकला तर पहिल्यापासून सुरुवात! आपल्याला ज्या लेयरचे काही वाटत नाही ती सोय फोटोशॉपमध्येही १९९४ साली आली, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाच्या चिकाटीची कल्पना येते.

राणी व्हिक्टोरियाने या चित्राची एक प्रत दहा गिनींना विकत घेऊन पती अल्बर्टला भेट दिली. रेयलँडरचे नाव झाले. पण वादळही उठले. चित्रात नग्न आकृती होत्या. रंगवलेल्या चित्रातली नग्नता ज्या प्रेक्षकांना चालत होती, त्यांनाच ती छायाचित्रात चालेना. कारण छायाचित्रातली स्त्री ही कुठेतरी खरोखर उभी राहिलेली स्त्री होती. स्कॉटलंडच्या छायाचित्रकारांच्या संस्थेने हे चित्र आपल्या प्रदर्शनात लावण्याचे नाकारले.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनेकांचे म्हणणे असे पडले की, छायाचित्राचे सारे मोल ते खरे असण्यात आहे. ठिगळे लावून केलेले चित्र कितीही सुंदर असले तरी ते छायाचित्र नव्हे. या माणसांची त्या जागी कधीच गाठ पडली नव्हती, मग कॅमेऱ्याने साक्ष कशाची दिली? माझ्या मैत्रिणीच्या शांत बोलण्यातही हाच प्रश्न होता.

रेयलँडरने यावर काय केले? एप्रिल १८५८ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे उभे राहून त्याने या चित्राची सारी कृती आपण होऊन सांगितली. आकृत्या वेगळ्या कशा टिपल्या आणि एकत्र कशा आणल्या, काहीही हातचे राखले नाही. कारागीर आपली युक्ती सहसा उघड करत नाही. त्यातून टीकाकार टपून बसलेले असताना तर नाहीच. चित्रात सांधा दिसू नये म्हणून ज्याने सहा आठवडे जिवाचे रान केले, त्याने तो सांधा लोकांना शब्दांनी दाखवून दिला. माझे चित्र हे घडलेल्या प्रसंगाची साक्ष नाही, रचलेली कथा आहे, हेच त्याने त्यातून कबूल केले. त्याच्या चरित्रातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो.

मात्र या वादाने तो थकला. १८५९ च्या सुमारास त्याने अशा जोडचित्रांतून अंग काढून घेतले. हेन्री पीच रॉबिन्सन या त्याच्या मित्राने ती वाट पुढे चालवली. मृत्युशय्येवरच्या मुलीचे त्याचे १८५८ मधले प्रसिद्ध चित्र पाच काचांचे आहे. पण थरांचा मोह रेयलँडरला पुरता सुटला नाही. १८६० च्या सुमाराचे त्याचे एक चित्र आहे. बेकार सुतार चिंतेत बसला आहे, शेजारी बायको आणि मूल झोपले आहे, आणि या साऱ्यावर दुसरी एक पुसट प्रतिमा तरंगते आहे. इथे दोन थर त्याने मुद्दाम एकमेकांत दिसू दिले. जे मोठ्या चित्रात दोष ठरले असते, तेच इथे सुताराचे मन झाले.

१८६२ साली तो लंडनला गेला. त्याच वर्षी त्याने मेरी बुल हिच्याशी लग्न केले; ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान होती आणि त्याच्या चित्रांसाठी बसत असे. पुढे चार्ल्स डार्विनला मानवी भावनांवरील ग्रंथासाठी छायाचित्रे हवी होती. भाव क्षणात बदलतो आणि काचेला तर वेळ लागतो. तेव्हा साठीच्या घरातला, दाढीवाला रेयलँडर स्वतःच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला आणि किळस, आश्चर्य, हतबलता असे भाव त्याने करून दाखवले. तो ग्रंथ १८७२ साली निघाला. त्यातल्या रडणाऱ्या मुलाच्या चित्राने इंग्लंडला वेड लावले.

त्याच सुमारास त्याने काढलेला स्वतःचा एक गमतीदार फोटो आहे. त्यात चित्रकार रेयलँडर स्वयंसैनिक रेयलँडरची प्रेक्षकांशी ओळख करून देतो आहे! एकाच चौकटीत दोन रेयलँडर. इथे कोणाची फसवणूक होण्याचा प्रश्नच नाही. तीच माणसाची दोन रूपे पाहून जो तो हसतो आणि समजतो.

या साऱ्यातून पैसा मात्र हाती लागला नाही. १८ जानेवारी १८७५ रोजी आजारपणात आणि ओढग्रस्तीत तो लंडनला वारला. त्याच्या विधवेसाठी निधी गोळा करण्यात एडिंबरोच्या छायाचित्रकारांनी पुढाकार घेतला. ज्या स्कॉटलंडने त्याचे चित्र नाकारले होते त्याच भूमीतून हा हात पुढे आला, हे वाचून बरे वाटले.

पुस्तक मिटून मी मैत्रिणीकडे गेलो. तिचा थर मी काढून टाकतो, एका कळीचे काम आहे, असे तिला सांगितले. तिने विचार केला आणि मान हलवली. वडील आता घरी आले होते. वर्गाच्या फोटोत तिला असायचे होते. फक्त त्या सकाळी ती तिथे होती असे कोणाला वाटू नये, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून मित्रहो, या अंकात आमच्या वर्गाचा फोटो पाहाल तेव्हा दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथ्या जागी थांबा. सावली थोडी चुकली आहे, ती माझ्या हातून नीट जमली नाही. आणि नावांच्या खाली एक ओळ बारीक टाइपात छापली आहे, तीही वाचा. हे चित्र दोन वेगळ्या दिवशींच्या दोन फोटोंचे मिळून केले आहे, एवढेच तिच्यात लिहिले आहे. ती ओळ लिहायला मी शिकलो ते रेयलँडरकडून.