गाडगेबाबांचा संसार

मंडळी, पतंजलींनी पाच यम सांगितले. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि शेवटी अपरिग्रह. ‘परि’ म्हणजे चहूबाजूंनी, ‘ग्रह’ म्हणजे धरणे. वस्तू आपण धरली असे आपल्याला वाटते. पण काही वर्षांनी घरात नजर टाकावी, तर वस्तूंनीच आपल्याला चहूबाजूंनी धरलेले असते. नवग्रहांच्या शांतीला उपाध्याय बोलावता येतो, पण या दहाव्या ग्रहाची शांती ज्याची त्यानेच करावी लागते. पोथी न उघडता ज्यांनी ती जन्मभर करून दाखवली, त्या श्रीगाडगेमहाराजांचे चरित्र आज पाहू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. नाव डेबूजी, आडनाव जानोरकर. वडील झिंगराजी, आई सखुबाई. वडील दारूपायी अकाली गेले आणि सखुबाई लेकराला घेऊन दापुरे या आपल्या माहेरगावी आल्या. डेबूजीने मामाची गुरे राखली, नांगर धरला, शेती उत्तम केली. शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. न वाचता उठवलेला अंगठा घरादाराला कसा भोवतो, हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिले. कर्ज कशासाठी निघते तेही पाहिले. लग्नासाठी, बारशासाठी, तेराव्याच्या जेवणासाठी, चारचौघांत मिरवण्यासाठी! म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रीतीप्रमाणे दारू-मटण न करता गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, डेबूजी डगमगले नाहीत.

१९०५ सालच्या फेब्रुवारीत एका पहाटे त्यांनी घर सोडले. त्यानंतर त्यांचा संसार तो काय? अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हाती काठी, खराटा आणि फुटक्या मडक्याचे एक खापर. बरं का, हे दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हते. त्या खापराकडे नीट पाहा. उन्हात ते डोक्यावरची टोपी होई, भुकेच्या वेळी ताट होई, तहानेच्या वेळी वाटी होई. आपल्या घरी या तीन कामांना तीसेक वस्तू लागतात आणि त्या ठेवायला फडताळ लागते. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले.

गावात शिरले की बाबा आधी रस्ते झाडीत. कुणाचे लाकूड फोडून द्यावे, कुणाचे अंगण साफ करावे, आणि मग भाकरी मागावी. फुकटचा घास घ्यायचा नाही. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. कीर्तनात ते लोकांना सांगत की घरातली ताटे विकावी लागली तर विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडे हलके घ्या; पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका. बघा, नुसते टाका असे बाबा कधी म्हणाले नाहीत. काय सोडायचे आणि ते कशासाठी सोडायचे, ही दोन्ही टोके ते एकदम हातात देत.

अशा या माणसाच्या शब्दावर लोकांनी पैसा ओतला. त्यातून पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट झाला. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीत अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला डोके टेकायला छप्पर नव्हते, म्हणून चोखामेळा धर्मशाळा झाली. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांची सोय झाली. गोरक्षणे निघाली, सदावर्ते चालली. यातील एका खोलीवरही बाबांनी आपला हक्क सांगितला नाही. १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्या भेटीत आंबेडकरांनी आणलेली घोंगडी, कुणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी प्रेमाने घेतली, असे सांगतात. पंढरीस लाखो लोक राउळाकडे धावत, तेव्हा बाबा वाळवंट झाडीत असत.

आता अवघड गोष्ट बोलली पाहिजे. बाबांनी घर सोडले, तेव्हा म्हातारी आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे मागे राहिली. धर्मशाळा वाढल्या तरी घरच्यांच्या वाट्याला कष्टाचीच भाकरी आली. १९२३ साली मुलगा गोविंद वारला. निरोप आला तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे होते. त्यांनी ऐकले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. हे ऐकून आपले मन चरकते, आणि चरकावेच. बाबांच्या अपरिग्रहाचे अर्धे ओझे कुंताबाईंनी वाहिले, हे चरित्र सांगणाराने विसरू नये. त्यागाची हौस आपली आणि उपास घरच्यांना, असा प्रकार आपल्यासारख्या प्रपंचिकाने बाबांच्या नावावर खपवू नये. जे सोडायचे ते आधी आपल्या वाटणीचे सोडावे.

१९५२ साली त्यांच्या कार्यासाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. गादी मात्र त्यांनी निर्माण केली नाही; कुणाला शिष्य म्हटले नाही, पायाला हात लावू दिला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांनी देह ठेवला. मागे वाटणी करायला काही उरले नव्हते. जे जमले होते, ते जिवंतपणीच ज्याचे त्याला पोचले होते.

वारकऱ्याला हा धडा नवा नाही. वारीला निघताना आपण एका पडशीत महिन्याचा संसार बांधतो आणि दिवेघाट चढताना त्यातलेही दोन जिन्नस जड वाटतात. घरी परतल्यावर तोच हिशेब ट्रंकेला आणि माळ्याला लावावा. गेल्या आषाढीपासून ज्याला हात लागला नाही, ते कुणाच्या उपयोगी पडेल हे शोधावे आणि नेऊन द्यावे. एकच पथ्य पाळा. विटलेले, फाटलेले दुसऱ्याच्या दारात लोटणे म्हणजे दान नव्हे. बाबांनी फाटके आपल्या अंगावर घेतले आणि ऋणमोचनच्या यात्रेत लुळ्यापांगळ्यांना धडके कपडे वाटले. आपण बहुधा उलटे करतो. एवढे सुलटे झाले, तरी दहाव्या ग्रहाची शांती झाली म्हणावी.

रामकृष्ण हरी.